नौकापरीक्षा

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या चंद्रपूर शहरात राहून शिडाची नौका विकत घेण्याचा विचार करणे ज्यांस वेडेपणाचे लक्षण वाटते, त्यांनी इंग्रजी अमदानीची दफ्तरे एकवार चाळून पाहावीत. म्हणजे हे वेड सरकारमान्य असून त्यापायी खजिन्यातून रीतसर खर्चही पडलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल. १८६० च्या सुमारास सिरोंचा येथे मुख्य ठाणे करून अप्पर गोदावरी नावाचा एक स्वतंत्र जिल्हाच निर्माण करण्यात आला, आणि वर्धेच्या खोऱ्यातील कापूस प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने आगबोटींतून थेट पूर्वसमुद्रास पोहोचवावा, ही सर आर्थर कॉटन यांची भव्य तजवीज अमलात येऊ लागली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आमच्या अहेरीजवळची देवलमरी या तीन ठिकाणी पात्रात आडव्या पसरलेल्या खडकांनी मात्र तिला बिनतोड हरकत घेतली. १८६७ साली नागपुरास आगगाडी येऊन पोहोचली, आणि १८७१ साली सरकारने सारे काम गुंडाळले. सबब, माझे एक वकील मित्र आणि मी यांनी भागीदारीत नौका घेण्याचा जो संकल्प सोडला, तो अगदीच निराधार नव्हता.

दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत वकिलांच्या वाचनात आला, तेव्हापासून त्यांना कोर्टात बसवेना. “पृथ्वी राहू द्या,” ते औदार्याने म्हणाले, “वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एक होऊन प्राणहिता होते, तिथून सिरोंच्यापर्यंत तरी आपण जाऊ.” त्यानंतर मुंबईकडील दोन जुन्या नौकांची छायाचित्रे त्यांनी मिळवली आणि आमचा पक्षभेद सुरू झाला.

दोहोंतही दोन माणसांस निजण्याची व चहा करण्याची सोय होती. भेद होता तो पाण्याखाली. शिडात आडवा वारा भरला की नौका बाजूला घसरू पाहते आणि कलंडूही पाहते. या दोन्ही प्रवृत्तींना आवर घालण्याकरिता तिच्या बुडाशी एक जड कणा असतो. पहिल्या नौकेस असा एकच खोल कणा होता, त्यामुळे ती वाऱ्याच्या तोंडावर उत्तम चाले, परंतु तिला तरंगण्यास पुरुषाच्या छातीइतके पाणी लागे. दुसरीस दोन आखूड कणे होते; ती चालण्यात किंचित मंद, पण ओहोटी लागून पाणी निघून गेले म्हणजे चिखलात त्या दोन पायांवर ताठ उभी राही. विलायतेच्या खाड्यांमध्ये हा गुण फार वाखाणतात. वकील वेगाचे पक्षपाती. मी, आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यामुळे, उभे राहण्याचा.

माझा युक्तिवाद असा की आमच्या नद्यांना ओहोटी मोठी असते. विलायतेत ती सहा तासांत परतते. आमच्याकडे ती कार्तिकात लागते आणि भरती मृग नक्षत्र निघाल्यावर येते, एवढाच काय तो फरक. वकिलांनी यावर वाऱ्याचा मुद्दा काढला, आणि तेथे दोघांचीही वाचा बसली. वैशाखात वारा मुबलक, परंतु तो भट्टीच्या तोंडचा. पारा सत्तेचाळीस अंशांना टेकलेला आणि पात्रात वाळू. श्रावणात पाणी इतके की पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो आणि मुळासकट उपटलेली झाडे वाहत येतात, त्या पाण्यात शिडे उभारून हवा खाण्यास जाणे म्हणजे आत्महत्येचा अर्ज तीन प्रतींत सादर करणे होय. आश्विनात पाणी निवळते, नदी शोभिवंत होते, आणि वारा नेमका तेव्हाच पडतो.

शिवाय एक कायद्याची बाब होती. वारा समोरून असेल तर शिडाच्या नौकेस सरळ जाता येत नाही, या काठाकडून त्या काठाकडे नागमोडी जावे लागते. आणि प्राणहिता ही महाराष्ट्र व तेलंगण यांची सीमा आहे. म्हणजे प्रत्येक वळणास राज्य बदलणार. वकिलांचे डोळे क्षणभर लकाकले खरे, पण पक्षकार आपणच आहोत हे ध्यानात येताच ते विझले.

अखेरीस लवाद नेमावा असे ठरले. मार्कंड्यास, जेथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, घाटावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध ढिवर बाबांपुढे आम्ही दोन्ही छायाचित्रे ठेवली आणि गुणदोष सविस्तर निवेदन केले. पहिली नौका त्यांनी एका प्रश्नात निकालात काढली: “छातीइतकं पाणी कोठी हाये जी?” दुसरीवर मात्र त्यांची दृष्टी खिळली.

“हे वाळूत उभी राह्यते म्हणता?”

“अगदी ताठ, बाबा,” मी विजयी मुद्रेने म्हणालो.

“मंग घ्या जी साहेब. उन्हाळ्यात टरबुजाच्या वाडीत ठेवाले बेस हाये. रातच्याला राखण करणाऱ्याले आसरा होते.”

“आणि पाण्यात?” वकिलांनी विचारले.

“पाण्यात कायले? पाण्यात डोंगा हाये ना.”

डोंगा समोरच होता. सपाट बुडाचा, वीतभर पाण्यात तरंगणारा, शीड नाही, कणा नाही, चहाची सोय नाही. पाणी संपले की दोघांनी ओढत पुढच्या डोहापर्यंत न्यावा. या उमेदवाराचा अर्जच आमच्यापर्यंत आला नव्हता, हा कार्यालयीन दोष खरा. परंतु निवाडा त्याच्याच बाजूने झाला, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. वकिलांनी अपील करण्याचा विचार बोलून दाखवला, मात्र कोणापुढे हे त्यांना अद्याप सुचलेले नाही.

दोन्ही नौका अजून मुंबईकडे विक्रीस आहेत. वाचकांपैकी कोणास हव्या असतील त्यांनी वकिलांकडे चौकशी करावी; पाण्याची व्यवस्था मात्र ज्याची त्याने पाहावयाची आहे.