रा. रा. ४००० पीएसआय यांस अनावृत पत्र

मुक्काम : सोसायटीचे पार्किंग, रत्नागिरी

रा. रा. ४००० पीएसआय साहेब यांचे सेवेशी,
कृ. सा. न. वि. वि.

आपण आम्हाला ओळखत नाही, पण आम्ही आपल्याला हल्ली रोज रात्री जेवणं आटोपली की पाहतो. प्रेशर वॉशरला जोडायचा सरफेस क्लीनर, म्हणजे ती पोटात फिरती दांडी असलेली गोल चकती, मोबाइलवर शोधायला घेतली की प्रत्येक डब्यावर आपण लाल ठळक अक्षरांत हजर. चकती दीड हजाराची असो की आठ हजारांची, प्लास्टिकची असो की स्टीलची, आपला रुबाब तोच. गरीब-श्रीमंत असा भेद न मानणारा इतका समदर्शी पाहुणा या गावात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

आमच्याकडची परिस्थिती आपल्या कानावर घालते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो सगळाच्या सगळा आमच्याच आवारात पडतो असे आमच्या सेक्रेटरींचे मत आहे. दसऱ्यापर्यंत पार्किंगचे पेव्हर ब्लॉक काळे होतात, मागची शहाबादी फरशी हिरवी होते आणि गच्चीवरचा चायना मोझॅक या दोहोंच्या मधल्या कुठल्याशा रंगाचा. आजवर ब्लीचिंग पावडर, खराटा आणि वॉचमनची कंबर यांवर निभावले. नव्या वॉचमनने कंबरेविषयी रुजू होतानाच सांगून ठेवले आहे. तेव्हा वार्षिक सभेत ठराव झाला : एका सभासदाने गाडी धुवायला घेतलेले आणि मग कंटाळून सोसायटीला देऊन टाकलेले यंत्र आहेच, त्याला ती चकती घ्यावी, खर्च अडीच हजारांच्या आत बसवावा आणि चौकशी मी करावी. मी का, तर “चकती म्हणजे नक्की काय?” असे मी भर सभेत विचारले होते. प्रश्न विचारणाऱ्याचीच उपसमिती करायची, हा आमच्याकडचा अलिखित पोटनियम आहे.

आमचे खजिनदार आपल्यावर बेहद्द खूश आहेत. “अडीच हजारांत चार हजार मिळतायत, आणखी काय पाहिजे?” असे त्यांनी ग्रुपवर लिहिले आणि त्याला अकरा अंगठे आले. म्हणून ऑर्डर जाण्याआधी आपल्याशी थेट बोलून घ्यावे म्हटले.

साहेब, आपण देणारे नव्हे, सोसणारे आहात. चकती उलटी करून पाहिली तर तिच्यात ना मोटर ना पंप. मधोमध फिरता सांधा, ज्याला दुकानात स्विव्हल म्हणतात. त्यातून दोन्ही बाजूंना निघालेली पोकळ दांडी, आणि दांडीच्या दोन टोकांना किंचित तिरपी बसवलेली दोन नोझल. पाणी एकीकडे फेकले जाते, दांडी उलट बाजूला ढकलली जाते आणि गरगरते. दिवाळीतले भुईचक्रच ते, दारूऐवजी पाण्यावर चालणारे. दाब सगळा मागच्या यंत्राचा. डब्यावर आपण झळकता त्याचा अर्थ एवढाच, की इतक्या दाबापर्यंत हा सांधा फुटणार नाही असे बनवणाऱ्याला वाटते. बनवणाऱ्याला काय वाटते यावर आमचे शेवाळ निघत नाही.

आमच्या यंत्राच्या पाटीवर लिहिले आहे : १८०० वॅट, कमाल १३० बार, मिनिटाला साडेसहा लिटर. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे कमाल दाबसुद्धा आपल्या निम्म्याहून कमी, आणि रोजचे काम चालते ते शंभर बारच्या आसपास, सुमारे १४५० पीएसआयवर. आपल्याला सदेह आमच्या आवारात आणायचे झाले तर २७६ बार लागतील. एवढ्याच पाण्याला तितका दाब द्यायचा तर नुसत्या पाण्यातच तीन किलोवॅट घालावे लागतात. मोटर आणि पंप वाटेत खातात ते धरले तर विजेच्या बाजूने चारच्या वर. आमच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून निघतात जेमतेम ३.७. आपण फाटकात पाऊल टाकण्याआधी मीटरच्या खोलीतला एमसीबी पडेल, आणि लिफ्टमध्ये कोण अडकले यावरून वेगळी सभा बोलवावी लागेल.

आता जरा नाजूक विषय. आपल्या तेजापुढे ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही असा एक आकडा नोझलवर कोरलेला असतो, भिंग घेऊन वाचावा इतका बारीक. समजा २५०२५ असे लिहिले आहे. पहिले दोन अंक फवाऱ्याचा कोन, पंचवीस अंश. पुढचा भाग भोकाचे माप, २.५. आणि हे माप काय सांगते? की ४००० पीएसआय दाब असेल तर या भोकातून मिनिटाला अडीच अमेरिकन गॅलन पाणी जाईल. होय साहेब, इथे मात्र आपण खरोखर आहात. प्रेशर वॉशरच्या नोझलची सगळी दुनिया आपल्याच नावाने मापली जाते. फक्त त्या वाक्यातला ‘असेल तर’ डब्यावर येताना गळून पडतो.

आमचा पंप बिचारा मिनिटाला साडेसहा लिटर ढकलतो, म्हणजे १.७ गॅलन. पुढचे भोक मोठे केले म्हणून तो जास्त पाणी आणणार नाही. पाणी तेवढेच, भोक मोठे, म्हणजे दाब पडणार. आणि तो सरळ हिशेबाने न पडता वर्गाच्या हिशेबाने पडतो : भोकांचे एकूण माप दुप्पट केले की दाब चौथाई. पेट्रोल इंजिनाच्या दांडग्या यंत्रांसाठी बनवलेल्या चकतीला २.५ ची दोन नोझल असतात, एकूण पाच. ती आमच्या यंत्राला लावली तर नोझलशी दाब उरतो सुमारे ४७० पीएसआय, म्हणजे बत्तीस बार. २.० ची जोडी लावली तर पन्नास बार. १.५ ची जोडी लावली की नव्वद. यंत्र तेच, वीज तीच, पाणी तेच. बत्तीस बारमध्ये शेवाळाला आंघोळ घडते, ते ताजेतवाने होते. नव्वदमध्ये ते निघते. हा सगळा फरक दोन भोकांचा, आणि तो आपल्या डब्यावर कुठेही लिहिलेला नाही. मी विचारणा केली तेव्हा विक्रेत्याकडून उत्तर आले, “मॅडम, ४००० पीएसआय आहे.”

आपले बंधू ‘पंधरा इंच’ यांच्याविषयीही लिहायला हवे, कारण खजिनदारांनी त्यांच्यासाठी त्रैराशिक मांडले आहे. अकरा इंचांपेक्षा पंधरा इंच रुंद, म्हणजे फेऱ्या कमी, म्हणजे काम लवकर. पण पाणी वाढत नसताना घेर वाढवला की तेवढेच पाणी लांब वर्तुळावर पसरते आणि प्रत्येक वीत फरशीच्या वाट्याला कमी येते. मग मुंगीच्या पावलाने ढकलावे लागते. घाई केली तर फरशीवर वलये उमटतात, आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत चौथ्या मजल्यावरूनही दिसतात. पंधरा इंचांना मिनिटाला नऊ-दहा लिटर तरी पाणी हवे. साडेसहा लिटरवाल्याने दहा-बारा इंचांत समाधान मानावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर तिसऱ्या हिश्शाने चढवत जावे.

दुसरे बंधू ‘स्टेनलेस स्टील’. ते दिसायला देखणे आहेत यात वाद नाही. पण स्टीलचे असते ते वरचे झाकण, आणि झाकणाला दाब लागतच नाही. ते शिंतोडे अडवायला आहे. दाब झेलतो तो मधला सांधा. तो गेला की झाकण फार तर परात म्हणून उपयोगी. तेव्हा अडीच हजारांतले जास्तीत जास्त रुपये सांध्यात गेले पाहिजेत. मी दोन दुकानांत जाऊन बोटाने दांडी फिरवून पाहिली. अडखळत फिरणारी नको, वर-खाली डुगडुगणारी त्याहून नको. आतले सील सुटे मिळते का, हेही विचारले. एका दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कुकर न घेता नुसती रिंग मागते आहे. दुसऱ्याने खणातून पुडी काढून दाखवली. त्याचे दुकान लक्षात ठेवले आहे.

जोडणीचे प्रकरण तर आपल्या कुटुंबाने मुद्दाम गुंतागुंतीचे केले असावे असा मला संशय आहे. परदेशी बाजारासाठी बनलेल्या चकतीला अनेकदा पाव इंची क्विक कनेक्टचे टोक असते. आमच्याकडच्या घरगुती यंत्रांच्या बंदुकांना खाचेत घालून पिळायचे टोक, आणि ते प्रत्येक कंपनीचे निराळे. काही यंत्रांना एम २२ चा आटा असतो, तर त्यातही आतली दांडी चौदा मिलिमीटरची की पंधराची असा पोटभेद. नजरेला दोन्ही सारखे. चुकीचे बसवले तर आटा बसतो आणि पाणी कोपरापर्यंत येते. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो आणि तो ठरावातल्या अडीच हजारांतच बसवायचा आहे, हे खजिनदारांना सांगून झाले आहे. त्यांनी “बघू” म्हटले.

चाकांबद्दल थोडक्यात : शहाबादीच्या सांध्यांत बारीक चाके रुततात, आम्हाला कडेने ब्रशची झालर असलेलीच बरी. नोझल फरशीपासून इंचभर राहिले म्हणजे झाले.

पाणी कुठून घेणार, हा प्रश्न सभेत कुणी विचारला नाही, कारण त्याचीही उपसमिती झाली असती. गच्ची धुताना टाकी नळापासून फार तर तीन मीटर उंच, म्हणजे नळाला ०.३ बार. लांब बारीक पाइप जोडला की यंत्राला पाणी पुरत नाही आणि ते खोकल्यासारखा आवाज काढू लागते. त्यावर साधी परीक्षा अशी : पाइपाने वीस लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर ठीक, नाहीतर जाड पाइप आणा. टाकीच्या तळाचा गाळ १.५ च्या भोकात अडकायला वेळ लागत नाही, म्हणून आत येणाऱ्या पाण्याला जाळी हवीच. आणि ओल्या फरशीवर यंत्र चालवायचे ते ईएलसीबी असलेल्या सॉकेटवरूनच, इस्त्रीच्या एक्स्टेन्शनवरून नव्हे. हा मुद्दा मी नोटीस बोर्डावर लाल शाईने लिहिणार आहे. लाल शाई आपली मक्तेदारी नाही.

कुठे जाऊ नये, हेही आपल्या डब्यावर नसते, म्हणून मीच ठरवले. फाटकाजवळच्या जांभ्याच्या पायऱ्यांना चकती लावायची नाही. जांभा मऊ, त्याची भोके आधीच त्याची त्याला पुरेशी आहेत. पेव्हर ब्लॉकवर लावायची, पण सांध्यांतली रेती उडते, ती सुकल्यावर पुन्हा भरायची. तिचा खर्च ठरावात नाही. गच्चीवर जिथे मोझॅकचे सांधे उघडले आहेत तिथे आधी दुरुस्ती, मग धुणे, कारण दाबाचे पाणी एकदा भेगेत शिरले की खालच्या बेडरूमच्या छतातूनच बाहेर येते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने तशी लेखी हरकत आगाऊ नोंदवली आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचे म्हणणे पटले आहे. शहाबादीला मात्र चकती मानवेल. उलट तिच्यावर दरवर्षी ॲसिड ओतायची कुणाकुणाला जी हौस आहे, ती बंद होईल. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड मळाबरोबर फरशीलाही खाते.

तर साहेब, मी निवडलेल्या डब्यावर आपण नाही. त्यावर साध्या काळ्या अक्षरांत ‘कमाल १६० बार, ५ ते ८ लिटर प्रति मिनिट’ एवढेच छापले आहे. अकरा इंच, प्लास्टिकचे झाकण, कडेला ब्रश, सांधा बोटाने मऊ फिरणारा, नोझल १.५ ची दोन. अडॅप्टर आणि नोझलची एक जादा जोडी धरून अडीच हजारांच्या आत बसते आहे. फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा अंगठे दोनच आले, त्यातला एक वॉचमनचा.

राग नसावा. मोठ्या इंजिनाच्या यंत्राशेजारी आपण शोभून दिसता, तिथे आपल्याला माझाही नमस्कार आहे.

आपली नम्र,
सफाई उपसमिती
(एकूण सभासद : एक)

ता. क. : पत्र टाकीत होते तेवढ्यात खजिनदारांचा फोन आला. त्यांनी नोझलचा हिशेब नीट वाचला आहे आणि तो त्यांना तत्त्वतः मान्य आहे. त्यांची एकच सूचना आहे : दीड-दीडची दोन घेण्याऐवजी तीनचे एकच घेतले तर स्वस्त पडेल का, याची चौकशी करावी.