'बॅकलॉगमध्ये हलवा' या कळीस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री 'बॅकलॉगमध्ये हलवा' यांस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

मायना लिहिताना लेखणी काही काळ अडखळली, हे प्रारंभीच कबूल करतो. आपण वयाने माझ्याहून लहान, तेव्हा 'चिरंजीव' म्हणणे रीतीला धरून झाले असते. परंतु आपल्या पदरी एकदा पडलेले काम ज्या तऱ्हेने मरणाच्या पलीकडे जाते ते पाहता तो शब्द आपल्यापेक्षा आपल्या आश्रितांनाच अधिक शोभतो. 'तीर्थस्वरूप' म्हणावे, तर तीर्थात सोडलेली वस्तू पुन्हा यादीत दिसत नाही. सबब जुन्या दरबारी मायन्याचा आश्रय केला आहे. गोड मानून घ्यावा.

पुण्यातील ज्या कचेरीत मी चाकरी करतो तेथे दर दुसऱ्या शुक्रवारी, चहाचे पेले रिकामे होण्याच्या सुमारास, पंधरवड्याची 'स्प्रिंट' संपल्याचे जाहीर होते. पडद्यावर एक चौकट उमटते; झालेली कामे किती आणि राहिलेली किती याचा हिशेब तीत असतो; आणि राहिलेल्यांची वासलात कोठे लावावी असे विचारून ती चौकट आपले नाव इतक्या सौजन्याने पुढे करते की, नकार देणे असभ्यपणाचे वाटावे. एक टिचकी पडते आणि फलक सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होतो. ज्याने काम सांगितले तो, ज्याने ते करावयाचे होते तो आणि ज्याने ते करवून घ्यावयाचे होते तो, असे तिघेही एकाच क्षणी दोषमुक्त होतात. एवढे सामर्थ्य पूर्वी केवळ गंगास्नानाचे मानले जात असे.

आपल्या आश्रितांपैकी एकाची हकिगत निवेदन करतो, कारण तो माझ्या हातून आपल्याकडे आला. आमच्या आज्ञावलीतून निघणाऱ्या छापील पावतीवर 'कऱ्हाड' हे गाव 'कर्हाड' असे उमटते. क आणि ह यांच्यामधला, पापणीसारखा आडवा असलेला तो अर्धा र मराठीत जितका आवश्यक तितकाच संगणकास परका. युनिकोडात त्यासाठी नुक्ता असलेल्या 'ऱ'ची निराळी नोंद आहे, परंतु आमच्या कोणा पूर्वसूरीने लिहिलेली एक ओळ त्या नुक्त्यास केरकचरा समजून पुसून टाकते. परिणामी एका मंगल कार्यालयाने आचाऱ्यांना दिलेल्या रकमेची पावती 'आचार्यांना' म्हणून छापली गेली, आणि लाडू वळल्याबद्दल आचार्यांना मानधन मिळाल्याची नोंद हिशेबात कायम झाली. तक्रार कऱ्हाडच्याच एका वृद्ध व्यापाऱ्यांनी केली होती. ओळ एक, काम अर्ध्या दिवसाचे, प्राधान्य 'मध्यम'. त्या नोंदीचा इतिहास परवा उघडून पाहिला: दोन वर्षांत ती १७ वेळा स्प्रिंटमध्ये घेतली गेली आणि १७ वेळा आपल्या चरणी परत आली. तिला कोणीही 'करणार नाही' असे म्हटलेले नाही.

माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांच्या मेजावर महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत रूढ असलेले सहा गठ्ठे असत: चालू प्रकरणांचा एक, ज्यांचे उत्तर यावयाचे आहे अशा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा, मग नियतकालिक पत्रकांचा, स्थायी आदेशांचा, अभिलेख कक्षात धाडावयाचा, आणि सहावा, नष्ट करावयाच्या कागदांचा. सरकारी दिरंगाईची थट्टा करण्यात हयात घालविणाऱ्या आम्हां संगणकवाल्यांच्या हे ध्यानी येत नाही की, त्या बदनाम मेजावर नाशालाही नेमून दिलेली जागा होती. एखादा अर्ज चालण्याजोगा नसला तर वडील 'सबब दप्तरदाखल करावा' असा शेरा लिहून, खाली बारीक सही आणि तारीख घालून, तो तहसीलदारांपुढे ठेवीत. दुसऱ्या दिवशी अर्जदार येऊन चार शब्द सुनावून जाई. परंतु ते ऐकून घेण्यासाठी त्या सहीमागे एक इसम खुर्चीवर बसलेला असे. आपल्यामागे कोण बसले आहे?

बासनात गुंडाळून ठेवणे हा वाक्प्रचार मराठीत उगाच रुजला नाही, हे मान्य. पेशवे दप्तरातील मोडी कागदही रुमालांत बांधूनच राहिले होते. परंतु ते रुमाल सोडविण्यास रियासतकार गो. स. सरदेसाई भेटले आणि १९३० पासून अवघ्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. आपले रुमाल सोडविण्यास कोणी रियासतकार आलाच, तर त्यास काय सापडेल? 'लॉगिनचे बघणे', 'तो रंग बदलणे', 'राहुलशी बोलणे'. यांतील राहुल नोकरी सोडून गेला त्यास आता तीन वर्षे झाली.

आपल्या नावाची कुळकथाही आपणांस ठाऊक नसावी. सतराव्या शतकातील इंग्रजी घरांत चुलाण्याच्या मागच्या अंगाला जो जाडजूड ओंडका ठेवीत तो 'बॅकलॉग'. पुढची लाकडे विझू लागली तरी धग टिकून राहावी, एवढ्यासाठी त्याची योजना. आमच्या भाषेत मात्र आपल्याला 'अनुशेष' म्हणतात आणि हा शब्द ऐकताच विदर्भ-मराठवाड्यातील माणसाच्या कपाळावर आठी पडते. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजला तो ३,१८६ कोटी रुपयांचा भरला. पुढे दुसऱ्या समितीने १९९४ ची स्थिती धरून मोजदाद केली, तेव्हा तो १४,००० कोटींवर गेलेला होता. मोजमापाच्या रीती निराळ्या असतील, किमतीही वाढल्या असतील; पण निदान तेथे अनुशेष म्हणजे देणे आहे आणि ते कोणाचे कोणाला आहे, हे कागदावर लिहिलेले होते.

आमची कचेरी ज्या 'स्क्रम' पद्धतीने चालते तिची मांडणी १९९५ साली जाहीरपणे करणारे केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्यावर मी ठपका ठेवीत नाही. त्यांनी कल्पिलेला बॅकलॉग ही क्रम लावलेली यादी आहे. तिच्यात कोणते काम वर आणि कोणते खाली, याचा जाब देणारा एकच मनुष्य त्यांनी मुक्रर केलेला आहे. त्या यादीचा उकिरडा केला तो आम्ही. आपण तर केवळ एक कळ. परंतु वाट इतकी उताराची असली की, पाऊल त्याच बाजूस पडते.

म्हणून विनंती इतकीच की, आपल्या शेजारी, आपल्याएवढ्याच आकाराची, 'नामंजूर' अशी एक कळ बसवून घ्यावी. ती दाबणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारणाची एक ओळ घेतल्यावाचून तिने हलू नये, आणि तो शेरा ज्याने काम सांगितले त्याच्यापर्यंत जावा. पहिल्या शुक्रवारी फार गोंधळ उडेल, दोघांचे बोलणे बंद होईल, आणि कदाचित एखादे काम लाजेकाजेने करूनही टाकले जाईल.

ता. क. कऱ्हाडच्या त्या व्यापाऱ्यांनी आता आम्हांस लिहिणे सोडून दिले आहे. प्रत्येक पावतीवरचा रफार ते निळ्या शाईने खोडतात, वर गावाचे नाव शुद्ध लिहितात आणि बाजूस आपली सही व तारीख घालतात.