चालतंयराव

फर्स्ट इयरच्या सी-लॅबमध्ये प्रत्येक बॅचला एक चालतंयराव लाभतो. खरं नाव हजेरीपटावर असतं; ओळख मात्र ‘चालतंय ना? मग झालं!’ एवढ्यावरच. स्क्रीनवर एरर आली तर तो जरा सावरून बसतो. वॉर्निंगला तो ‘येथे थुंकू नये’ या पाटीइतकाच मान देतो.

फंक्शन वापरण्याआधी ते जाहीर करावं, म्हणजे नाव काय, आत काय घेणार, बाहेर काय देणार ते सांगावं, ही एका ओळीची गोष्ट त्याला कमीपणाची वाटते. ‘खाली लिहिलंय की सगळं! कंपायलरला दिसत नाही?’ कंपायलर बिचारा वरून खाली वाचत येतो. मेनमध्येच ‘एरिया’ भेटलं, ओळख ना पाळख, की जुना कंपायलर गृहीत धरायचा: हे इंट देणार. मग खाली फ्लोट दिसलं की जुंपली.

चालतंयरावाने हे भांडण परस्पर मिटवलं. फंक्शनच्या आधीचं फ्लोट खोडलं, कंसातलंही खोडलं, प्रिंटएफमध्ये पर्सेंट एफचं पर्सेंट डी केलं. 5 त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आलं 78.

व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, ‘साडेअठ्ठ्याहत्तर हवं ना रे?’

‘सर, राउंड ऑफ केलंय.’

‘मग 79 यायला हवं.’

चालतंयराव क्षणभर थबकला. ‘सर, त्रिज्या थोडी कमी भरली असेल.’

त्याला लाडावलं ते भाषेनेच, हेही खरं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी घडवलेली सी मुळातच भिडस्त. न सांगता आलेल्याला इंट समजून आत घ्यायची. आत काय घेणार तेही सांगणारी जाहीर ओळ, म्हणजे प्रोटोटाइप, 1989च्या स्टँडर्डमध्ये आला, तोही सी-प्लस-प्लसकडून उसना. 1999 साली गृहीत धरायची सोय कागदोपत्री बंद झाली. तरी जीसीसी हा कंपायलर पुढची 25 वर्षं नुसता कुरकुरत राहिला आणि 2024मध्ये, चौदाव्या व्हर्जनला, एकदाचा एररवर आला.

‘नव्या व्हर्जनमध्ये बग आहे,’ हे चालतंयरावाचं निदान. मग त्याने कधी नव्हे ते मॅन्युअल उघडलं आणि कंपायलरला 1989च्या नियमांवर परत नेणारा ऑप्शन हुडकून काढला. फंक्शनची एक ओळ वाचावी म्हणून आता तो दर वेळी कमांडला ही शेपटी इमानाने जोडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्युनियर त्याच्याच खोलीवर रांग लावतात.