बसायचं कुठं?

उट्रेक्ट या डच शहरातल्या एका बिअरच्या ठिकाणी शिरताना मी बूट काढले, हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझी बाजू सरळ होती. जावईबापू दारातच म्हणाले, "दादा, हे पूर्वी चर्च होतं." आता देवाच्या घरात पायताण घालून जायची आपल्याकडं रीत नाही, देव बिऱ्हाड हलवून गेला असला तरी घर त्याचंच. मी बूट काढले, भिंतीशी जोडीनं लावले आणि मोज्यांवर आत गेलो. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. 'ऑलिव्हिए' त्या जागेचं नाव. वर जुना ऑर्गन तसाच, खाली बेल्जियन बिअरच्या बाटल्यांची उतरंड, आणि मधोमध वारंगा फाट्याचा निवृत्त भूगोल शिक्षक, अंगठ्यासह.

"दादा, बूट घाला," मुलगी दात आवळून म्हणाली, "आत देव नाही."

"मग कोण आहे?"

"ट्रिपल बिअर आहे."

जावईबापू मूळचे पुण्याचे. उट्रेक्टात त्यांना सहा वर्षं झाली आणि सहा वर्षांत माणूस 'लोकल' होतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही निघायच्या आधीच त्यांनी मला नऊ ठिकाणांची यादी पाठवली होती. कुठं कोणत्या वारी जायचं, कुठं खिडकीशी बसायचं, कुठं पहिली कोणती मागवायची. खाली तळटीप: 'स्थानिक माणसाच्या नजरेतून'. हे वाचून मला जरा लागलंच. माझा जन्म गेला फाट्यावर. नांदेडची, हिंगोलीची आणि हदगावकडची, तिन्ही अंगांच्या गाड्या मी पाटी न वाचता नुसत्या हॉर्नवरून सांगतो. पण एकसष्ट वर्षांत माझ्या नजरेतून कुणी काही लिहून मागितलं नाही. बाहेरचा माणूस मला एकच प्रश्न विचारतो: "मुतारी कुठंय?"

म्हणून मी ठरवलं, तीन आठवड्यांत जावयापेक्षा मोठा जाणकार होऊन दाखवायचं.

सुरुवात फेसापासून अडली. तिथला बारवाला अडीचशे मिलीचा इवलासा ग्लास भरतो, वर आलेला फेस चपट्या सुरीनं सपकन छाटतो आणि तरीही दोन बोटं फेस ठेवूनच ग्लास पुढं करतो. आमच्याकडं दूधवाला फेसावर माप मारतो. त्यामुळं फेस दिसला की मराठवाड्याचा माणूस आपोआप सावध होतो. "जावईबापू, हवेचे पैसे कामून द्यायचे?" असं मी पहिल्या दिवशी म्हणालो. त्यांनी समजावलं की फेस वास धरून ठेवतो. चौथ्या दिवशी एका मराठी कुटुंबाकडं जेवायला गेलो, तर त्या घरच्या माणसानं ग्लास तिरका धरून फेसाविना बिअर ओतली. मी ग्लास परत केला. "दोन बोटं फेस पाहिजे," म्हणालो, "वास उडतो." बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की पस्तीस वर्षांपूर्वीचा निर्णय ती पुन्हा तपासत असावी.

उच्चारात मात्र मी खरंच पुढं होतो. डच लोक 'ग' लिहितात आणि घशातून 'ख' काढतात. तिथल्या कालव्याचं नाव आउदेग्राख्त. जावईबापूंचा पुणेरी घसा तिथं अडतो. माझा खाली उतरतो. निजाम 1948 ला गेला, पण आमच्याकडं दोन चिजा ठेवून गेला: कंत्राटदाराला म्हणायचा 'गुत्तेदार', आणि हा घशातला ख. वेटर म्हणाला, तुमचा उच्चार छान आहे. हे वाक्य मी घरी आल्यावर किती जणांना सांगितलं, ते मोजलेलं नाही.

मग तिलबुर्गजवळच्या कोनिंग्सहूवन मठाची ला ट्राप बिअर आली. तिथं 1884 पासून साधू बिअर बनवतात. नर्सी-नामदेवाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य गिळायला बिअरपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांची क्वाड्रुपल दहा टक्क्यांची. आपल्याकडं बाटलीवर 'स्ट्राँग' म्हणून धाक घालतात ती आठच्या आतली. जावईबापू म्हणाले, एकच घ्या. मी म्हणालो, "अहो, बिअर म्हणजे शेवटी पाणी." तीन घेतल्या. परतताना स्टेशनाखालचा सायकलतळ लागला. साडेबारा हजार सायकलींचा, जगातला सगळ्यात मोठा म्हणतात. "सायकल मी शोधतो, भूगोल माझा विषय आहे," म्हणून मी आत शिरलो. पाऊण तासानं लाल टोपलीच्या त्याच सायकलीपाशी तिसऱ्यांदा आलो, तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "दादा, आपण चालत आलो होतो."

जावईबापूंनी पुण्याचं कौतुक काढलं तेव्हा मात्र मी सोडलं नाही. ते म्हणाले, पुण्यात 2009 लाच 'डूलॅली' निघाली, देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींतली एक. मी म्हणालो, नाव कुठून आलं माहीत आहे का? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. इंग्रजांच्या छावणीत जहाजाची वाट बघून बघून सोजिरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणायला लागले. शिवाय बिअर खरी आमच्या मराठवाड्याची, वाळूजच्या एमआयडीसीत कारखाने उभे आहेत! हे मी छाती काढून बोललो आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं. 2016 चा एप्रिल आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग 60 टक्क्यांनी तोडायला सांगितलं. बिअर म्हणजे शेवटी पाणी, हे मीच म्हणालो होतो. खाली कालव्याचं पाणी काठाच्या दगडी तळघरांसमोर संथ पडलं होतं. कुणी बघतही नव्हतं त्याच्याकडं.

असो. परत आलो आणि ठरवलं, आपणही फाट्याची वाटाडी लिहायची. स्थानिक माणसाच्या नजरेतून. यादी पाठवायची जावयाला.

इथं विषयाला फाटा फुटतो, पण फाट्यावरच्या माणसाला तेवढी मुभा असावी. वाटाडीत पहिला प्रश्न 'कुठं', आणि आमच्याकडं त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं देऊन ठेवलं होतं. 15 डिसेंबर 2016 चा निकाल: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको. मुदत 1 एप्रिल 2017. आदल्या दिवशी दुरुस्ती आली की वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला 220 मीटर चालतील. आता आमच्या गावाची अडचण बघा. महामार्ग गावाजवळून जातो असं नाही, महामार्ग आहे म्हणून गाव आहे. एक राष्ट्रीय महामार्ग तुळजापूरहून नांदेडमार्गे यवतमाळ-नागपूरकडं, दुसरा नांदेडहूनच हिंगोली-अकोल्याकडं, आणि दोघांचा मेळ फाट्यावर विकतात त्या खिचडीच्या भगोन्यासमोर. मला राहवेना. शाळेतला मोठा लाकडी कंपास आणला, गावाचा नकाशा टेबलावर पसरला. पुष्कळांना वाटतं की फाट्यावर टोक रोवून एक वर्तुळ काढलं की झालं. चूक! अंतर रस्त्याच्या कडेपासून मोजायचं, म्हणजे प्रत्येक रस्त्याला दोन्ही बाजूंनी समांतर पट्टा येतो. तीन अंगांना सहा पट्टे आणि मध्ये त्यांची एकमेकांवर चढाई. मी ते तिरप्या रेघांनी रंगवलं. उरलेल्या पांढऱ्या जागेत एक हळदीचं वावर, एक विहीर आणि माझ्या चुलतभावाचा गोठा आला. केरळात एका बारनं दारापुढं भिंतींचा नागमोडी चकवा बांधून चालायचं अंतर वाढवल्याची बातमी होती, म्हणून मी गोठ्याला तसा चकवा काढून पाहिला. म्हशी पोचल्या नसत्या.

मग टेप घेऊन प्रत्यक्ष मोजायला निघालो. साठ मीटर झाले नाहीत तोच हळदीच्या वावराचा मालक धावत आला. "सर, भूसंपादन हाय का? काय भाव लागला?" मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत चार जण सातबारा घेऊन माझ्या ओसरीवर बसले होते, आणि एकजण मला गुत्तेदाराचा माणूस समजून घरी केळीचा घड ठेवून गेला. मग कळलं, शहरांना त्या निकालातून केव्हाच सूट मिळाली होती, गावांचं सरकारांवर सोपवलं गेलं होतं. माझा नकाशा फुकट गेला. फ्रेम करून ठेवलाय. कंपासच्या टोकानं वारंगा फाट्याच्या जागी भोक पडलंय, तेवढं सोडलं तर सुबक आहे.

आता पिण्याचं. रस्त्यापासून आत एक परमिट रूम आहे, नाव लिहीत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा, नाहीतर आजन्म. ज्याच्याजवळ परवाना त्याची ती खोली, म्हणून परमिट रूम. आत परवाना कुणी कुणाला विचारल्याचं मी पाहिलं नाही. खिडकीला काळी काच आणि टेबलावर शेंगदाण्यांची टरफलं. मी उट्रेक्टचं जाकीट घालून बसलो आणि पोऱ्याला म्हणालो, "क्राफ्ट आहे का?"

"क्वार्टर हाय, हाफ हाय, फुल हाय," तो म्हणाला. "क्राफ्ट बंद झाली."

बिअर आली ती इतकी गार, की वास धरायला फेसाला नाकच नव्हतं. मी उगाच ग्लास उजेडाकडं धरला. उजेड नव्हता. दहा मिनिटांत जीव गुदमरला, म्हणून ग्लास घेऊन मागच्या दारानं बाहेर आलो.

तिथं भिंतीकडं तोंड करून सातआठ जण उभे होते. एका हातात प्लास्टिकचा ग्लास, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर फरसाण. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आपल्या भाषेत पिण्याला 'बसणं' म्हणतात. "आज बसायचं का?" एवढं म्हटलं की पुढचं कळतं. आणि ही माणसं उभी होती. उट्रेक्टच्या एका तपकिरी कॅफेत, जिथं तंबाखूच्या धुरानं भिंतींचा रंग बदलला म्हणून ते नाव पडलं, एक आजोबा नातीला शेजारी बसवून दोन तास एका ग्लासावर पेपर वाचत होते. मला त्यांचा हेवा बिअरसाठी वाटला नाही. खुर्चीसाठी वाटला. दिवसभर हळद उकडून, ट्रक रिकामा करून आलेल्या माणसाला आम्ही कुठं बसवतो? एसटीच्या थांब्यावरचा बाकसुद्धा तीन पायांचा.

त्या रांगेतल्या एकानं मान वळवली. माझा विद्यार्थी. महाराष्ट्राचा नकाशा हात न उचलता एका रेघेत काढायचा, कोकणच्या खाड्यांसकट. मी त्याची वही पुढच्या तीन वर्गांना दाखवली होती. त्यानं ग्लास झटकन पाठीमागं नेला. मीही माझा नेला. दोघंही रिकाम्या हाताचे असल्यासारखे एकमेकांसमोर उभे राहिलो.

"सर, थम्सअप हाय," तो म्हणाला.

"माझी पण," मी म्हणालो.

पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. डोळे तांबारलेले होते त्याचे, हनुवटीवर पांढरे केस. वय असेल बेचाळीस. मी ग्लास भिंतीवर ठेवला. त्यानंही ठेवला. "चल, खिचडी खाऊ," म्हणालो.

तर वाटाडीत एवढंच एक ठिकाण येतं. भगोन्याशी उभा असलेला माणूस पन्नास पोती तांदूळ जोखल्यासारख्या हातानं डाव बुडवतो. पिवळीधमक खिचडी ताटलीत येते, फार मोकळी नाही, फार गचकाही नाही. वर दोन-तीन भजे दाबून बसवतो, कढी मागाल तेवढी. तळलेली मिरची आपण मागायची नसते. तो चेहरा बघून ठरवतो. आम्ही लाकडी बाकावर बसलो. माझ्या तोंडातून बिअर चाखायच्या सवयीनं निघून गेलं, "फिनिश लांब आहे." तो म्हणाला, "काय लांब हाय सर?" मी म्हणालो, "काही नाही, खा." त्यानं दोन ताटल्या खाल्ल्या. बोटानं ताटलीच्या कडेला उरलेल्या कढीत रेघ ओढत होता. मी वाकून पाहिलं नाही, कोकण होतं की काय ते. पैसे त्यानं दिले. मला देऊ दिले नाहीत.

जावईबापूंना वाटाडी पाठवली. त्यांचं उत्तर आलं: "दादा, यात एकच ठिकाण आहे." मुलीनं खाली लिहिलं होतं, तिच्यासाठी डबा भरून कुणाबरोबर पाठवता येईल का. येत नाही. कढी नासते.

तुम्ही नांदेडहून येत असाल तर अर्धापूर, डोंगरकडा सोडलं की डोळे उघडे ठेवा. एसटी थांबते ती जेमतेम दहा मिनिटं, तेव्हा खाली उतरण्याआधी कंडक्टरला सांगून ठेवा. सुटे पैसे आणा. बूट काढायची गरज नाही.