मिनिटभर पळणारे सर

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याला लागून कल्याण-नगर महामार्ग जातो. पूर्वेला ओतूर, पश्चिमेला मढ आणि पुढे माळशेज घाट. सकाळच्या वेळी या रस्त्यावर धावताना दिसतात ती पोलीस भरतीची पोरं, सुटायच्या बेतातली एसटी गाठणारे प्रवासी आणि मॅरेथॉन सर. आपण कशासाठी पळतोय हे पहिल्या दोघांना नीट ठाऊक असतं.

सर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात असा एक सापडतोच. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, नोकरी शाळेत नाहीतर पतसंस्थेत, शोकेसमध्ये मेडलं, बोलण्यात ‘पेस’. बुटांची खरी किंमत त्याची बायको माहेरी कधी सांगत नाही. आपले सर मात्र या जातीतल्या एका खास पोटजातीचे: दुखापतीतून उठून पुन्हा पळायला लागलेले.

दुखापत त्यांनी कष्टानं मिळवली. सातारा हिल मॅरेथॉनला नाव नोंदवलं, यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणून आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट केलं, आणि नडगी ठणकू लागली. आधी आंबेहळद-रक्तबोळाचा लेप झाला, मग दुर्लक्ष. एक्स-रेमध्ये काहीच निघालं नाही, तेव्हा सरांनी ती फिल्म उजेडात धरून आल्या-गेल्याला दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर पळून आले. वास्तविक, अतिताणानं हाडाला पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. सरांचीही तिथेच दिसली.

मग सक्तीची विश्रांती. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागदावर लिहून दिलं: एक मिनिट पळणे, दोन मिनिटं चालणे, असं दहा वेळा. सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

इथे शरीराची एक खोड समजून घ्यावी लागते. पुन्हा पळायला लागलं की गेलेला दम लवकर परत येतो. हाडाचं काम मात्र सरकारी गतीनं चालतं. ते आधी झिजलेला भाग पोखरून काढतं, मग तिथे नवं हाड भरतं. या डागडुजीला महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा उलट नाजूकच असते. म्हणजे छाती म्हणते ‘चला माळशेजला’, आणि नडगी वेशीपाशीच थांबायला सांगते. सर जन्मभर छातीचं ऐकत आलेले.

बरं, पुण्यात धीर धरणं तुलनेनं सोपं. पहाटे साडेचारच्या अंधारात कुणी चाललं काय आणि पळालं काय, विचारतो कोण? जुन्नर तालुक्यात ती सोय नाही. इथल्या उसात बिबट्या राहतो, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, आणि अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका असं वनखातं वारंवार बजावतं. बिबट्यावर विनोद करणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. तेव्हा सरांना उजाडल्यावरच निघावं लागतं, आणि उजाडलं की सगळं गाव रस्त्यावर. धीर धरायचा तो चारचौघांत.

आणि चारचौघं मदतीला तत्पर. चालण्याची दोन मिनिटं सुरू झाली रे झाली की मागून मोटारसायकल येऊन थांबते.

“बसा सर, ओतूरपर्यंत सोडतो.”

“नको, व्यायाम चाललाय.”

“मंग चालताय का?”

याला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते देईपर्यंत पळण्याचं मिनिट निघून जातं. म्हणून सरांनी चालण्याला कारणं शोधली. कधी बुटाची नाडी सुटते, कधी फोन येतो. कधी ते बांधावर उभं राहून कांद्याच्या रोपांकडे गंभीरपणे बघतात. एका शेतकऱ्यानं तर करप्यावर कुठलं औषध मारू म्हणून त्यांचा सल्ला विचारला. सरांनी दिलासुद्धा.

शाळेत, म्हणजे जिथे प्रश्न विचारायची चोरी तिथे, सर अविनाश साबळेचा दाखला देतात. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा २०२५च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पडला, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. “त्याला थांबावं लागतं, तिथे आपली काय कथा!” असं सर म्हणतात, आणि त्या ‘आपली’मध्ये दोघांना एकाच रांगेत उभं करून टाकतात. साबळेचा तीन हजार मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा, तोही २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्यांसह. सध्या एवढ्याच वेळात सरांचं एक किलोमीटर होतं. वाटेत अडथळा एकच, मोटारसायकलवाला.

घरी मात्र दाखले चालत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात सरांनी परस्पर मिनिटाची पाच मिनिटं केली आणि संध्याकाळी बर्फाची पिशवी शोधू लागले. ओतूरच्या कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात, दर सोमवारी एकेक वाढवत. बायकोनं फ्रीजचं दार लावता लावता तेवढंच काढलं: “अहो, देवालासुद्धा सोमवारी एकच पिंड वाढते. तुम्ही कोण लागून गेलात?” दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक मिनिट.

हल्ली सर वेगळ्याच कारणानं ओळखले जातात. भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणारा एक पोरगा नडगी धरून रस्त्याच्या कडेला बसला होता. सरांनी त्याला हाड, पोखरण, डागडुजी, एमआरआय सगळं समजावलं. घाई करू नकोस, आठ आठवडे पळायचं नाव काढू नकोस, असं बजावून सांगितलं. पोरानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, तुम्ही दुखायला लागल्यावर किती दिवस थांबला होता?”

नेमकं तेव्हाच सरांचं घड्याळ वाजलं. पळायचं मिनिट सुरू झालं होतं.