लॉकरपंत

आमच्या जीपवाल्या मंडळींत ज्यांना लॉकरपंत या नावाने ओळखतात त्यांच्या जीपला लॉकर नाही, ही गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते. परंतु ज्याने त्यांच्या सहवासात एखादा पावसाळा काढला आहे त्यास पुरते ठाऊक असते की, ज्या दिवशी त्या जीपच्या मागच्या एक्सलात लॉकर बसेल त्याच दिवशी पंतांचे पंतपण खालसा होईल, आणि म्हणूनच तो दिवस शक्य तितका लांबणीवर टाकण्याची तजवीज ते स्वतःच्याही नकळत मोठ्या निगुतीने करीत आले आहेत. थोडक्या खर्चात कोणता लॉकर घ्यावा, हा प्रश्न इतरांच्या आयुष्यात येतो आणि जातो. पैसा असला तर आठ दिवसांत सुटतो, नसला तर त्याहूनही लवकर सुटतो. पंतांच्या बाबतीत गोम अशी की, त्यांच्यापाशी पैसा अगदीच नाही असे नाही आणि पुरेसा आहे असेही नाही, आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांनी आपले बिऱ्हाड थाटले आहे.

पंत पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत लेखाधिकारी आहेत. दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप नोंदविण्यात ज्याची उमेद गेली त्याच्या हातून स्वतःचे बिल बिनतक्रार मंजूर होणे मुळातच दुरापास्त. त्यातून लॉकरची खरेदी त्यांनी आरंभापासूनच शासकीय शिस्तीत बसविली. रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक जाडजूड नोंदवही त्यांच्या सीजे थ्री-बी जीपच्या खणात कायमची वस्तीस असते. तीत आधी गरजेचे समर्थन, मग दरपत्रके, मग तुलनात्मक तक्ता आणि अगदी उजवीकडे शेऱ्याचा रकाना अशी यथासांग मांडणी आहे. न्यूनतम दराचा माल तांत्रिक कारणास्तव नामंजूर करावयाचा, तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्याचा दर अंदाजपत्रकाबाहेर जातो म्हणून तोही बाजूस ठेवावयाचा, आणि अखेर ‘फेरनिविदा मागवाव्यात’ असे लिहून खाली लफ्फेदार सही ठोकावयाची, हा क्रम इतका सुरळीत चालतो की, वरिष्ठांच्या दृष्टीस ती वही पडती तर पंतांना बढती केव्हाच मिळाली असती.

नवा माणूस तावडीत सापडला की पंत मुळापासून आरंभ करतात. वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक वाट चालावी लागते, तेव्हा दोहोंस निरनिराळ्या गतीने फिरू देणारी काही युक्ती हवी; ती १८२८ च्या सुमारास पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीकरिता काढली, आणि डांबरी रस्त्यावर तिचे उपकार सर्वांनी मानावेत अशीच ती आहे. परंतु चिखलात शिरताच तिचा समतेचा कायदा अंगाशी येतो. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना पीळ सारखाच देते. मात्र तो किती द्यावयाचा हे घसरणाऱ्या चाकाच्या कुवतीवरून ठरते. ज्या गृहनिर्माण सोसायटीत सर्वांत उदासीन सभासदाच्या सहीवाचून एकही ठराव पुढे सरकत नाही, तिच्यासारखी मग गाडीची अवस्था होते: एक चाक अधांतरी गरगरत राहते, आणि दुसरे घट्ट जमिनीवर उभे असूनही स्वस्थ असते. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी झाली तरी पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी दोन चाके एकदम सुटली म्हणजे तीही जागची हलत नाही. लॉकरचे काम एवढेच की, दोन्ही एक्सल शाफ्ट एकमेकांस जखडून टाकावयाचे. मग ज्या चाकाखाली जमीन आहे ते गाडी ओढून नेते. एवढे होईपर्यंत श्रोत्याचा चहा निवतो, आणि पंत वही उघडतात.

तक्त्यात पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीच्या, हवेवर चालणाऱ्या लॉकरचा. डॅशबोर्डवरील बटण दाबावे, कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीतून डिफरेन्शियलात शिरावी आणि दोन्ही चाके एक व्हावीत. बटण बंद करताच सारे पूर्ववत. त्या बटणाचे वर्णन करताना पंतांचा स्वर किंचित ओलावतो. परंतु लॉकर, कॉम्प्रेसर, जहाजभाडे आणि सीमाशुल्क मिळून आकडा लाखापलीकडे जाऊ लागतो, आणि ‘गाडीपेक्षा कुलूप भारी’ असा शेरा पडतो. कॉम्प्रेसरने टायरमध्येही हवा भरता येईल, सबब त्याची निम्मी किंमत टायरच्या खाती टाकावी, अशी दुरुस्ती त्यांनी मध्यंतरी करून पाहिली. परंतु रक्कम कोणत्याही खाती टाकली तरी बेरीज तेवढीच भरते, हे लेखाधिकाऱ्यापासून किती दिवस लपणार?

दुसरा डेट्रॉइट लॉकर. याला बटण नाही, हवा नाही, कोणाची परवानगीही नाही. तो एरवी जखडलेलाच असतो, वळणावर बाहेरच्या चाकास पुढे धावण्यापुरती मोकळीक देतो आणि वळण संपताच दणकन पुन्हा जुळतो. हा आवाज अपरात्री सोसायटीच्या फाटकात झाला असता काय प्रसंग ओढवेल याचा विचार करून पंतांनी ‘कुटुंबातील मंडळी गाडीत बसणार नाहीत’ असा प्रतिकूल शेरा लिहिला आहे. त्याच्याच खाली, निराळ्या दिवशी आणि पेन्सिलीने, ‘ही बाब अनुकूल धरावी काय?’ अशी पृच्छाही आहे. घर्षणाच्या प्लेटांवर चालणाऱ्या लिमिटेड स्लिपची बोळवण एका शब्दात झाली आहे. एखादे चाक पुरते अधांतरी झाले की तो हातपाय गाळतो आणि त्याच्या प्लेटाही कालांतराने झिजतात, म्हणून त्याच्यापुढे ‘अर्धवट’ एवढेच लिहिलेले आढळते.

खरा धोका तिसऱ्यापासून होता. परदेशी जीपवाले ज्यास लंचबॉक्स लॉकर म्हणतात तो हवेच्या लॉकरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात येतो. जुन्याच कॅरियरमधले आतले गिअर तेवढे काढून त्यांच्या जागी तो बसवितात, क्राऊन-पिनियनचा मेळ जसाच्या तसा राहतो, आणि जाणत्या मिस्त्रीस ते काम दिवसभराचे आहे. स्वस्त, सुटसुटीत आणि साध्य, असे तिन्ही गुण एके ठिकाणी आलेले पाहून पंत काही दिवस अस्वस्थ होते. सुदैवाने जुन्या डॅना ४४ एक्सलांत काहींच्या शाफ्टला १० खाचा असतात आणि काहींच्या १९, आणि लॉकर त्या बेताचाच मागवावा लागतो, ही बाब उजेडात आली. आपल्या शाफ्टला खाचा किती हे पाहावयाचे तर एक्सल उघडावा लागेल, उघडला तर ऑइल बदलावे लागेल, आणि ऑइलची तरतूद चालू वर्षात नाही. सबब हे प्रकरण ‘चौकशी सुरू’ या सदराखाली सुखरूप आहे.

नाना पेठेतल्या मिस्त्रीने हा सारा गुंता एका वाक्यात सोडविण्याचा अविचार एकदा केला होता.

“साहेब, एवढं डोकं कशाला शिणवता? आतल्या गिअरांना वेल्ड मारून देतो. चहा पिऊन होईस्तवर काम फत्ते.”

“अहो मिस्त्री, मग डांबरी रस्त्यावर वळायचं कसं? टायर घासतील, शाफ्टवर ताण येईल. एखादे दिवशी शाफ्टच तुटायचा.”

“पण साहेब,” मिस्त्री हात पुसता पुसता म्हणाला, “तुम्ही जाता कुठं?”

या प्रश्नास वहीत रकाना नव्हता. पंतांनी चहाचे पैसे दिले आणि ते परत फिरले.

काटकसरीचा कळस व्हावयाचा होता तो थारच्या एक्सलाने झाला. २०१५ पासून महिंद्रच्या थारला मागच्या बाजूस ईटन कंपनीचा आपोआप लागणारा लॉक मिळू लागला. दोन चाकांच्या गतीत मिनिटास सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडताच तो स्वतःहून पकड घेतो. अपघातात चेपलेल्या अशाच एका थारचा मागचा एक्सल भंगारात निघाल्याची वर्दी पंतांस एका लग्नाच्या पंगतीत लागली, आणि त्यांनी तेथेच निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. आरंभीची रक्कम पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग आठवले की, आपल्या क्राऊनचे ४३ दात आणि पिनियनचे ८. थारचे प्रमाण निराळे. मागचा एक्सल एका प्रमाणाचा आणि पुढचा दुसऱ्या, अशी गाडी चारही चाकांवर चालविली तर दोन एक्सल एकमेकांशीच झुंजतील आणि मधल्या मधे ट्रान्स्फर केसचे हाल होतील. तेव्हा पुढचाही एक्सल घेणे आले. दोन्ही एक्सल नव्या रुंदीचे, म्हणून स्प्रिंगांच्या बैठका बदलणे आले. बैठका बदलल्या की प्रोपेलर शाफ्टची लांबी आली, आणि लांबीमागोमाग मजुरी. हिशेब उतरत उतरत पत्रिकेच्या तळाशी पोचला तेव्हा मूळ जीपपैकी नंबरप्लेट तेवढी शिल्लक राहत होती, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ स्मरून तीही राहील की नाही याची पंतांस शंका आली. जिलबी त्यांनी दोनदा मागून घेतली. त्या दिवशीचा तोच काय तो नफा.

फुकटच्या उपायांविषयी मात्र पंतांची तुच्छता अढळ आहे. घसरणाऱ्या चाकास हँडब्रेकने किंचित आवळले म्हणजे दुसऱ्या चाकासही पीळ मिळतो, असे कोणी सुचविले तर ते समाधानाने हसतात. कारण त्यांच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या पाठीमागे, म्हणजे डिफरेन्शियलच्या अलीकडे आहे, आणि तेथे तो ओढून काडीचाही लाभ नाही. टायरची हवा निम्म्यावर आणली तर रबर पसरते आणि पकड वाढते, ही गोष्ट त्यांना मान्य आहे. परंतु ज्या वस्तूला दरच नाही तिची तुलना कशाशी करावयाची आणि तिच्यात बचत ती कशी दाखवायची, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. काटकसरी माणसास वाचविण्याकरिता आधी खर्च लागतो, हे आमच्या उधळ्या मंडळींच्या ध्यानात येत नाही.

आषाढात ताम्हिणीच्या बाजूस निघालेल्या एका मोहिमेत पंतांची जीप भातखाचरांलगतच्या चढणीवर अडकली. मागचे डावे चाक लाल चिखल उडवीत निष्काम कर्मयोग आचरीत होते, उजवे खडकावर निश्चल होते, आणि पंत खाली उतरून, धोतराऐवजी पाटलोण आहे याचे भान न राहून तिचा सोगा आवरल्यासारखे करीत, हेच ते साध्या डिफरेन्शियलचे व्यंग म्हणून सर्वांस समजावून देत होते. इतक्यात पलीकडच्या खाचरात चिखलणी करणारा शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने वाकून चाकाकडे पाहिले आणि विचारले, “सायब, ह्येला लाक न्हाई व्हय?”

“नाही हो,” पंत म्हणाले. “बघतोय. बजेटचा प्रश्न आहे.”

“आमच्या टॅक्टरला हाय की. कंपनीनंच दिलाय. टाच दाबली की झालं.” आणि त्याने दोर बांधला, टाचेखालचा खटका दाबला, आणि मागची दोन्ही मोठी चाके एकदिलाने रुतून एकदिलाने वर आली, जीप चढणीवर पोचताच त्याने टाच उचलली आणि तो निघून गेला. ज्या वस्तूकरिता इतकी दरपत्रके मागविली ती भाताच्या चिखलात एका अनवाणी टाचेखाली विनाशेरा नांदते आहे, हे पाहून दुसरा कोणी वरमला असता. पंतांनी हात पुसले, वही उघडली आणि नवे कलम घातले: ‘ट्रॅक्टरचा डिफरेन्शियल लॉक. जीपला जुळविता येईल काय? दरपत्रके मागवावीत.’

लॉकरसाठी पंतांच्या घरगुती अंदाजपत्रकात दरसाल तरतूद असते आणि दरसाल ३१ मार्चला ती व्यपगत होते, किंवा मुलीच्या क्लासच्या फीकडे तिचे पुनर्विनियोजन होते. वहिनींनी त्यास लेखी मंजुरी कधी मागितली नाही आणि पंतांनी तोंडी हरकत कधी घेतली नाही. यंदा मात्र त्यांनी निश्चय केला की, रक्कम व्यपगत होऊ द्यावयाची नाही. मार्च संपता संपता त्यांनी ती सगळी खर्ची घातली आणि एक दुसरी जीप आणली. इंजिन नसलेली, छप्पर नसलेली, परंतु ‘मिलिटरीतली आहे, मागच्या एक्सलात लॉक असणारच’ अशी विक्रेत्याची हमी असलेली ती सीजे थ्री-बी लंचबॉक्स लॉकरपेक्षाही कमी किमतीत पडली, आणि आता आयता लॉक काढून आपल्या जीपला लावावयाचा तेवढा राहिला, असे त्यांनी आम्हांस बोलावून जाहीर केले. आमच्यासमक्ष एक्सलाच्या झाकणाचे दहाही बोल्ट निघाले, काळे ऑइल घमेल्यात उतरले आणि आत पेकरसाहेबांचे साधे गिअर प्रसन्नपणे दिसू लागले.

पंतांनी बॅटरीच्या उजेडात शाफ्टच्या खाचा मोजल्या. त्या १९ भरल्या, आणि ती नोंद त्यांनी लगोलग घेतली. अर्थात ती दुसऱ्या जीपची झाली, पहिलीची चौकशी अद्याप सुरूच आहे. त्या दिवसापासून तक्त्यास एक पुरवणी जोडलेली असून, दोन लॉकर एकरकमी घेतल्यास दरात काही सूट मिळेल काय, अशी विचारणा करणारी पत्रे सर्व संबंधितांकडे रवाना झाली आहेत. उत्तरे येताच फेरनिविदा निघतील.