मंगळवारचा डोंगर

रोज शहरात नोकरीला जाऊन रात्री डोंगरात झोपायला येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी लोणावळ्यात गरम कांदाभजी खाता खाता "आपण इथंच राहायला आलो तर?" असं जे मोठ्यानं बोलून गेले आणि ज्यांच्या घरच्यांनी वेळीच विषय बदलला नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. मुंबई किंवा पुण्याची नोकरी सुटत नाही आणि सह्याद्री डोक्यातून जात नाही, अशी ही अवस्था. त्यावर औषध नाही, पण पथ्य आहे. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण प्रत्येक नातेवाईक तुम्हाला ऐकवणारच आहे, म्हणून इथं ती एकदाच ऐकवली. आता कामाला लागू.

पायरी १ : वार बदला

जागा बघायला लोक रविवारी जातात आणि एजंटही रविवारीच नेतो. पण तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी डोंगर हिरवा शालू नेसून बसतो, धबधबे वेळेवर पडतात, एजंट चहाचे पैसे देतो. कांदेपोह्यांत सगळेच गुणी दिसतात. घर रविवारी पसंत होतं, राहायचं मात्र मंगळवारी असतं.

म्हणून इसार देण्याआधी एक मंगळवार राखून ठेवा, तोही जुलैतला. रजा टाकू नका, ऑफिसला जायचं आहे असंच धरून चाला. ज्या घराचा विचार चालू आहे तिथून उजाडायच्या आत निघा, छत्री उघडा आणि स्टेशनपर्यंत पायी जा. रिक्षा मिळेल असं गृहीत धरू नका. त्या वेळी रिक्षावाला झोपलेला असतो, कारण तो इथलाच आहे. रात्री त्याच वाटेनं परत या. वाटेत लाइट गेलेले असतील तर उत्तमच, परीक्षा पूर्ण होते.

पायरी २ : डोंगर नंतर, आधी गाडी

नवशिका नकाशात डोंगर शोधतो. मुरलेला माणूस वेळापत्रक उघडतो.

*कर्जत-नेरळ.* मुंबईची लोकल थेट येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे शंभर किलोमीटर, दोन तासांहून थोडं अधिक. अडचण एवढीच की कर्जत डोंगरात नाही, डोंगराच्या पायाशी आहे. दोन तास प्रवास करून तुम्ही सह्याद्रीच्या पायावर डोकं ठेवता, तो काही तुम्हाला खांद्यावर घेत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नातेवाइकांना "हिल स्टेशनला राहतो" असं बिनधास्त सांगा. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा येतील आणि पुन्हा येणार नाहीत. हा फायद्यातच धरावा.

*लोणावळा-खंडाळा.* हा खरा डोंगर. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे खालच्यापेक्षा चारेक अंश थंड. पण मुंबईची लोकल इथवर चढत नाही. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून चढ आहे तो आहे : दर ३७ फुटांना एक फूट. आजही मुंबईहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, ढकलायला. जे एका इंजिनाला एकट्यानं जमत नाही, ते तुम्ही रोज करणार आहात, एवढं ध्यानात ठेवा. नोकरी पुण्यात असेल तर गोष्ट वेगळी. पुणे-लोणावळा लोकल आहे, अंतर ६४ किलोमीटर, दीड तासाच्या आत-बाहेर. थोडक्यात, लोणावळ्यात राहून पुण्याला जाणारा नोकरदार आणि लोणावळ्यात राहून मुंबईला जाणारा वारकरी.

*माथेरान.* इथं मोटारींना बंदी आहे, त्यामुळे हवा स्वच्छ आणि ऑफिस दूर. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची, पुढे पायी, घोड्यावर किंवा मिळाली तर ई-रिक्षानं. नेरळहून १९०७ पासून छोटी गाडी आहे, पण २१ किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त घेते आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. "घोडा मिळाला नाही" हे उशिराचं कारण तुमच्या साहेबांना चालत असेल तर जरूर विचार करा.

*कसारा-इगतपुरी.* लोकल कसाऱ्यापर्यंत, म्हणजे पुन्हा पायथ्यापर्यंतच. वर इगतपुरीत राहायचं तर लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहायची. या पट्ट्याबद्दल आणखी एक गोष्ट पाण्याच्या पायरीवर येईल.

पायरी ३ : शेजारी डब्यात शोधा

डोंगरात शेजार मिळत नाही. कुंपणापलीकडचे बंगले कुलूपबंद असतात. मालक मुंबईत, माळी आठवड्यातून दोनदा, आणि शनिवारी रात्री अचानक स्पीकर. तुमचे खरे शेजारी असतात पासधारक.

या समाजात प्रवेश सोपा नाही. पहिला नियम : रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. तिच्यावर जो रुमाल दिसत नाही, तो वीस वर्षांपासून टाकलेला आहे. दुसरा नियम : पहिले दोन महिने उभं राहा आणि तक्रार करू नका. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी "बसा हो थोडं" म्हणेल. त्या दिवशी घरी पेढे न्या. तिसरा नियम : दसऱ्याला डबा सजतो, त्याची वर्गणी मागण्याआधी द्या. डेक्कन क्वीननं जाणार असाल तर १ जून लक्षात ठेवा. १९३० मध्ये त्या दिवशी ही गाडी पहिल्यांदा धावली, आणि तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. बायकोचा वाढदिवस विसरलात तर घरात भागेल, हा विसरलात तर डब्यात भागणार नाही.

बदल्यात काय मिळतं? रक्तगट जुळणारा माणूस, मुलीसाठी स्थळ, गुडघ्याचा डॉक्टर, प्राप्तिकराचा सल्ला आणि तुम्हाला डुलकी लागली तर दादरला उठवणारा हात. तळमजला, पहिला मजला आणि गच्ची मिळून बंगल्यात यातलं एकही मिळत नाही.

पायरी ४ : पाऊस चौरस फुटांच्या आधी मोजा

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लोणावळ्यात चार हजारांच्या वर. मध्ये फक्त ६४ किलोमीटर. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि पुण्याकडे जाताना त्यांच्या खिशात फारसं उरत नाही. याचा अर्थ असा की मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी जी स्टेशनं तुम्ही गाडीत पेंगताना सोडून देता, त्यांतल्या प्रत्येकावर पाऊस उतरत जातो. जागा शोधताना बहुतेकांना ही पट्टी माहीत नसते. डोंगर दिसला पाहिजे पण चपलांवर बुरशी नको, अशी माफक अपेक्षा असेल तर दोन-चार स्टेशनं पुण्याकडे सरका.

माथ्यावरच राहायचं ठरलं तर पुढची यादी वाचून घ्या. चामड्याचा पट्टा आठ दिवसांत हिरवा होतो. मिठाचं पाणी होतं. काडेपेटी पेटत नाही. लग्नाच्या अल्बममधली माणसं एकमेकांना चिकटतात, काही तर पहिल्यांदाच. कपडे वाळत नाहीत, फक्त त्यांचा ओलेपणा जुना होतो. इस्त्री हे इथं टापटिपीचं नव्हे, वाळवणाचं साधन आहे. ऑफिसात तुमच्या शेजारी कुणी बसेनासं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, तो कुबट वास तुमच्या शर्टाचा आहे, स्वभावाचा नाही.

पायरी ५ : एवढ्या पावसानंतर पाणी कुठं आहे ते विचारा

हा प्रश्न नवशिक्याला सुचत नाही, कारण जुलैत तो पाण्यातच उभा असतो. पण सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही, आणि उतारावर पडलेलं पाणी तुमच्या आधी समुद्राकडे पोचतं. त्यामुळे जागा पाहायला जुलैत एकदा गेलात तशी मेमध्येही एक फेरी मारा. विहिरीत वाका. बोअरवेलची खोली विचारू नका, मालक अभिमानानं सांगेल. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत लागतं ते विचारा.

शंका असेल तर कसाऱ्याच्या पट्ट्यात शहापूर तालुक्यात जाऊन या. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत, वैतरणेचं पाणीही याच भागातून मुंबईला जातं. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तुम्ही मुंबईत नळ सोडून दात घासत होता तेव्हा ते पाणी इथलं होतं. आता तुम्ही इथं राहायला येऊन टँकरच्या रांगेत हंडा लावणार. यालाच निसर्गाशी समरस होणं म्हणतात.

पायरी ६ : जाहिरातीचं मराठी शिका

*स्टेशनपासून पाच मिनिटं* : मोटारीनं, रात्री दोन वाजता, उतारावर.

*वॉटरफॉल व्ह्यू* : धबधबा समोर दिसतो. त्याचं पाणी पुढे कुठून जातं, हे खिडकीतून नव्हे, स्वयंपाकघरातून दिसेल.

*निसर्गाच्या सान्निध्यात* : माकडं. दही बाहेर ठेवू नये.

*एनए प्रस्तावित* : प्रस्ताव कुणी, कुणाला आणि कोणत्या शतकात मांडला, हे विचारावं.

*फार्महाऊस प्लॉट* : शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहसा विकत घेता येत नाही. "ते आम्ही बघतो" असं एजंट म्हणाला की चहा संपवून उठावं.

*क्लिअर टायटल* : सातबाऱ्यावर सतरा नावं, पण सगळे एकाच घरातले आणि सध्या बोलतात.

चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, एवढं गणित पाठ करा. सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा आणि झोन दाखला स्वतः काढा, सरकारी मोजणी करून घ्या. वकील गावातला घेऊ नका आणि सल्ला मात्र गावातल्या म्हाताऱ्याचाच घ्या. उलटं करणारे पुष्कळ आहेत, त्यांचे प्लॉट विकायला आहेत.

पायरी ७ : ही जागा रिकामी का राहिली?

या पायरीवर विनोद नाही.

मोक्याची, उतारावरची, सगळी दरी दिसणारी जागा. गाव शेकडो वर्षं शेजारी नांदलं, पण तिथं कुणी घर बांधलं नाही. ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती असं समजू नका. कारण विचारा. कधी उत्तर साधं असतं : लांब पडतं, वारा फार. कधी म्हातारा सांगतो, "तिकडनं पाणी येतंय."

आणि गाव जुनं आहे म्हणून उतार सुरक्षित, असंही नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, कर्जतच्या जवळच. तिन्ही जुलैत. कातळावर माती-मुरमाचा थर असतो, पावसानं तो जड होतो आणि उतारावरून सुटतो. रस्त्यासाठी, प्लॉटसाठी जेसीबीनं उताराचा पाया कापला की काम आणखी सोपं होतं.

म्हणून घर पाहताना घराकडे पाठ करून वर पाहा. झाडांची खोडं तिरकी आहेत? विजेचे खांब कलले आहेत? जमिनीला नव्या भेगा आहेत? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येतं? मागचा उतार नुकता उभा कापला आहे? यांपैकी एकालाही "हो" असं उत्तर आलं तर दर कितीही उतरला तरी परत फिरा. वरून येणारा खाली बसलेल्याचं खरेदीखत बघत नाही.

पायरी ८ : शेवटची चाचणी

सात पायऱ्या उतरूनही यायचंच असेल तर शेवटचा प्रश्न : एवढं सोसून मिळतं काय? अंधारात निघून अंधारात येणाऱ्याला डोंगर दिसतो तरी कधी?

मी बारा वर्षं लोणावळ्याहून मुंबईला जातो, म्हणून सांगतो. खंडाळा सोडल्यावर गाडी घाट उतरताना मध्येच थांबते. स्टेशनासाठी नव्हे, ब्रेक नीट लागतात ना ते तपासायला. एक-दोन मिनिटांचं काम. गेल्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी गाडी अशीच थांबली. दरीत दुधासारखं धुकं, डब्यात निम्मी माणसं झोपलेली, पत्त्यांचा डाव बंद. मी दारापाशी होतो. समोरच्या बाकावर काका डोळे मिटून बसलेले. निवृत्तीला चार महिने उरलेले, तीस वर्षांचा पास.

"हटलं का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हटतंय."

"राजमाची?"

उल्हास नदीच्या दरीपलीकडे किल्ल्याची दोन्ही शिखरं एकदम वर आली, धुतल्यासारखी.

"दिसला," मी म्हणालो. "दोन्ही बालेकिल्ले."

"मग बरं," असं म्हणून काकांनी मफलर कानावर ओढला. "दादरला उठव."